नित्य स्मरणाचा चिंतनपाठ : सात दिवस, सात विचार

परब्रह्म परमेश्वर श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे बीजे केल्यानंतर श्रीनागदेवाचार्यप्रमुख भक्तपरिवार रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी गेला. तेथील वास्तव्यात आचार्य नित्य एकांती बसून मनन करीत असत. ते पाहून म्हाइंभटांना जिज्ञासा झाली. आचार्य एकांती कशाचे मनन करतात, असे त्यांनी विचारले. सर्वज्ञांच्या लीळांचे, असे उत्तर मिळाले. त्या एका प्रश्नातून पुढे लीळांचे संकलन सुरू झाले आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ एका भक्ताच्या नित्य मननातून आणि दुसऱ्या भक्ताच्या प्रश्नातून जन्मास आला, ही गोष्ट पंथातील प्रत्येक साधकाने ध्यानी धरण्यासारखी आहे.

मनन आणि प्रश्न यांची ही जोडी आजही तितकीच आवश्यक आहे. प्रातःकाळी देवपूजा, गीतापाठ, नामस्मरण, विशेषवंदन हा क्रम अनेक घरी आणि आश्रमी निष्ठेने चालतो. परंतु नित्य घडणाऱ्या क्रियेला सवयीचे रूप फार लवकर येते. मुख चालते, हात चालतो, आणि चित्त मात्र बाजारात, शेतात किंवा मठाच्या व्यवहारात गुंतलेले असते. असे स्मरण वर्षानुवर्षे चालले तरी साधकाला आपण उपवासी आहो, हे कळत नाही. मनुष्यदेह वारंवार लाभत नाही, आणि परमेश्वराच्या असन्निधानी स्मरण हेच जीवाचे मुख्य साधन होय. ते साधनच पोकळ झाले तर हाती काय उरणार?

म्हणून सात दिवसांचा हा पाठ योजिला आहे. साधकाने प्रतिदिनी एक विचार वाचावा, त्याखालील प्रश्नांवर घटिकाभर एकांती बसावे, आणि उत्तर दुसऱ्या कोणास न सांगता स्वतःसच द्यावे. उत्तर लज्जास्पद असले तरी ते टाळू नये.

पहिला दिवस : नाम

महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादि व परस्परांहून भिन्न मानिले आहेत. देवता आपापल्या अधिकाराप्रमाणे मर्यादित फळ देतात. जीवाच्या अनादि अविद्येचा छेद करणे हे केवळ परमेश्वराकडून घडते. हा सिद्धांत बालपणापासून ऐकलेला असतो. पण नाम घेताना तो आठवतो का? ज्याचे नाम घेतले जाते तो एकटाच आपणांस सोडविणारा आहे, ही जाणीव ज्या उच्चारात आहे तो उच्चार, आणि जी नाही तो उच्चार, कानास सारखेच ऐकू येतात. भेद फक्त उच्चारणाऱ्यास ठाऊक असतो.

एखादी माता चुलीपाशी भाकरी थापताना नाम घेते. तिचे लक्ष तव्याकडे असणे स्वाभाविक आहे, त्यात दोष नाही. परंतु भाकरी उतरवून ती क्षणभर थांबते आणि एकदाच, पूर्ण जाणिवेने, नाम घेते. तो एक क्षण दिवसभराच्या उच्चारास आधार देतो. गाठीवर मोजलेली संख्या उपयोगाची आहेच, कारण ती नियम टिकविते. पण संख्या पूर्ण झाली म्हणजे स्मरण पूर्ण झाले, असा समज साधकाने करून घेऊ नये.

चिंतनार्थ प्रश्न :
(१) आज घेतलेल्या नामांपैकी किती नामे चित्तासह घेतली गेली?
(२) गाठी पूर्ण झाल्यावर मनात कोणता भाव आला : भेटीचा, की काम उरकल्याचा?
(३) संकटसमयी मुखी प्रथम कोणाचे नाम येते? परमेश्वराचे, की ज्याच्याकडून काम होईल अशा मनुष्याचे?

दुसरा दिवस : लीळा

म्हाइंभट हे सराळे गावचे विद्वान ब्राह्मण. वादविद्येत निपुण असलेला हा पुरुष सर्वज्ञांपुढे नम्र झाला आणि पुढे लीळांच्या शोधार्थ ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या वा ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन एकेक प्रसंग विचारीत राहिला. लीळा कोठे घडली, त्या वेळी कोण जवळ होते, कोणत्या कारणाने ती घडली, हे सारे त्याने जपले. पुढील परंपरेनेही हीच दक्षता ठेविली. पाठात भेद आढळला तर ‘शोधु’ म्हणून तो भेद त्या त्या व्यक्तीच्या नावासह नोंदविला. आपल्या मनास रुचला तेवढाच ठेवून दुसरा पुसून टाकला नाही.

या दक्षतेमागे एक भाव आहे. प्रिय व्यक्तीची आठवण सांगताना मनुष्य तपशील सोडीत नाही. वडील वारल्यानंतर मुलगा त्यांची काठी कोणत्या कोपऱ्यात उभी असे, ते पाणी कोणत्या तांब्याने पीत, हे सांगतो. ज्याला हे सांगता येत नाही त्याचा सहवास थोडा, किंवा त्याचे लक्ष थोडे. लीळेच्या बाबतीतही तसेच आहे. केवळ तात्पर्य आठवणे हे लीळास्मरण नव्हे. स्थळ, काळ, भक्तांची नावे, स्वामींचे बोलणे, त्यांचे मौन, हे सर्व डोळ्यांपुढे उभे राहणे म्हणजे लीळास्मरण.

साधकाने आज एकच लीळा निवडावी आणि पोथी न उघडता ती आरंभापासून अखेरपर्यंत मनात आठवावी. जेथे अडेल तेथे थांबावे. मग पोथी उघडून पाहावे की, काय विसरले होते आणि काय आपल्या पदरचे घातले गेले होते.

चिंतनार्थ प्रश्न :
(१) पोथीवाचून संपूर्ण सांगता येईल अशा किती लीळा आपणांस अवगत आहेत?
(२) निरूपणात श्रोत्यांस रंजविण्यासाठी लीळेत आपण काही वाढविले आहे का?
(३) घरातील मुलाने आज एखादी लीळा विचारली तर त्यास ती सांगण्याइतका अवकाश आपण देऊ का?

तिसरा दिवस : मूर्ती, चेष्टा आणि स्थान

नाम आणि लीळा यांसह मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण पंथाने सांगितले आहे. स्वामींचे बसणे, चालणे, पाहणे, भक्तास हाक मारणे, या साध्या व्यापारांचे स्मरणही साधन होय. परमेश्वर मनुष्यवेषात साकार झाला, मराठी मुलखात पायी हिंडला, मराठी भाषेत बोलला, भक्तांच्या घरी जेवला, ही गोष्ट पंथाच्या श्रद्धेचा गाभा आहे. म्हणूनच ज्या ठिकाणी अवतारांचे आसन, भोजन वा निद्रा झाली ती स्थाने ओटे बांधून जतन करण्यात आली, आणि ‘स्थानपोथी’सारख्या ग्रंथात गावे, देवळे, त्यांच्या दिशा व अंतरे यांची बारीक नोंद झाली. रिद्धपूर, डोमेग्राम, पैठण, माहूर येथे जाणारा यात्रेकरू या जतनाचे फळ भोगतो.

स्थानाला वंदन करताना साधक दगडमातीला वंदन करीत नाही. अवताराच्या संबंधाला वंदन करतो. प्रसाद आणि विशेष यांचेही तसेच. परंतु येथे एक सावधपणा हवा. यात्रेत गर्दी असते, उतरण्याची सोय पाहावी लागते, परतीच्या गाडीची वेळ मनात असते. अशा घाईत अनेक ओट्यांना मस्तक लागते आणि एकाही ठिकाणी स्वामी आठवत नाहीत. पन्नास स्थानांना स्पर्श करण्यापेक्षा एका स्थानी बसून, येथे काय घडले, कोण होते, हे आठवणे हितकर होय. ज्यास वार्धक्याने किंवा परिस्थितीने यात्रा घडत नाही त्याने खिन्न होऊ नये. पूर्वी पाहिलेले एक स्थान मनात आणून तो घरीच हे स्मरण करू शकतो.

चिंतनार्थ प्रश्न :
(१) मागील यात्रेतील कोणते स्थान आजही डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहते, आणि का?
(२) तेथून परतताना बरोबर काय आले : स्मरण, की केवळ जाऊन आल्याचे समाधान?
(३) शेजारचा वृद्ध, ज्यास यात्रा अशक्य आहे, त्यास आपण स्थानाचे वर्णन कधी सांगितले आहे का?

चौथा दिवस : अहिंसा

व्याधांच्या भयाने पळणारा ससा स्वामींच्या आश्रयास येऊन त्यांच्या मांडीखाली लपला, ही लीळा सर्वपरिचित आहे. व्याधांनी आपली शिकार मागितली. स्वामींनी शरण आलेल्यास दिले नाही. व्याधांना हिंसेपासून परावृत्त केले आणि ते गेल्यावर सशास सुखरूप जाऊ दिले. या प्रसंगी दोघांचे रक्षण झाले. सशाचे प्राण वाचले, आणि व्याध पापापासून वाचले. स्वामींनी व्याधांचा धिक्कार केला नाही, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

महानुभाव साधू चालताना पायाखाली पाहतो, पाणी गाळून घेतो. वासनिकाच्या घरी मांस-मद्य शिरत नाही. ही मर्यादा पाळणे सोपे नव्हे, आणि ती पाळणाऱ्यांविषयी समाजात आदर आहे. परंतु मुंगीस जपणारा मनुष्य घरातील सुनेस दिवसभर टोचून बोलत असेल, थकलेल्या बैलास पराणी लावीत असेल, आश्रमातील नवख्या शिष्याचा सर्वांदेखत अपमान करीत असेल, तर त्याची अहिंसा ताटापाशी सुरू होऊन ताटापाशीच संपते. शब्दाने झालेली जखम दिसत नाही, म्हणून तिचे प्रायश्चित्तही कोणी मागत नाही. साधकाने ते स्वतःहून मागावे.

आणखी एक सूक्ष्म प्रसंग असतो. एखादा दुर्बल मनुष्य आपल्या आश्रयास येतो आणि त्याचा पाठलाग करणारा आपलाच सोयरा किंवा सावकार असतो. अशा वेळी मौन बाळगणे सोयीचे असते. सशाची लीळा आठवणाऱ्यास ते मौन सुखाने बाळगता येणार नाही.

चिंतनार्थ प्रश्न :
(१) आज आपल्या वाणीने कोणास दुखविले? त्याची क्षमा मागितली का?
(२) आपल्यावर अवलंबून असलेली मुकी जनावरे आपल्या दयेविषयी साक्ष देतील का?
(३) आपल्या आश्रयास आलेल्या कोणास आपण भीतीने किंवा स्वार्थाने परत पाठविले आहे का?

पाचवा दिवस : ज्ञानाचा अभिमान

केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत. त्यांतील जन्मांध आणि हत्ती यांचा दृष्टांत लहान मुलासही ठाऊक असतो. कोणाच्या हाती पाय आला, कोणाच्या हाती कान, कोणाच्या हाती सोंड. जे हाती आले तोच हत्ती असे प्रत्येकाने सांगितले आणि वाद माजला. डोळस मनुष्याने प्रत्येकाचे अंग ओळखून संपूर्ण हत्ती सांगितला.

हा दृष्टांत ऐकताना प्रत्येक श्रोता स्वतःस डोळस समजतो आणि आंधळे म्हणून अन्यमतवाद्यांस पाहतो. येथेच चूक होते. डोळस आहेत ते सर्वज्ञ. त्यांच्या वचनाच्या आधारे साधकास संपूर्ण हत्तीची वार्ता कळली आहे. हत्ती दिसला आहे असे नव्हे. वार्ता कळलेल्याने नम्र असावे. शब्दज्ञान झाले, सूत्रे मुखोद्गत झाली, सभेत प्रतिपक्षास निरुत्तर करता आले, म्हणजे बोध झाला, असे होत नाही.

संस्कृतात निपुण असलेल्या शिष्यांनाही श्रीनागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरिला. संस्कृतात ग्रंथरचना झाल्यास आपल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. पंथाचे ज्ञान कोणासाठी आहे, याचे उत्तर आचार्यांच्या या काळजीत आहे. महदाइसेसारखी स्त्री सर्वज्ञांना वारंवार प्रश्न विचारी, आणि स्वामी तिच्या जिज्ञासेचा गौरव करीत. प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीस ज्या पंथाच्या उगमीच इतके मानाचे स्थान होते, त्या पंथाच्या निरूपणात आज मागे बसलेली बाई शंका विचारण्यास संकोचत असेल, तर दोष तिच्या संकोचाचा नव्हे.

चिंतनार्थ प्रश्न :
(१) ‘हे मला ठाऊक नाही’ असे आपण शेवटी कधी आणि कोणापुढे म्हटले?
(२) आपल्याहून कमी शिकलेल्याकडून अलीकडे काही शिकलो का?
(३) आपले निरूपण ऐकणाऱ्या सर्वांत भोळ्या श्रोत्यास त्यातून काय मिळते?

सहावा दिवस : ममत्व

संन्यस्त साधकास पंथाने अटन, भिक्षा आणि विजन यांचा मार्ग सांगितला. आपले गाव, आपले घर, आपली माणसे, या ‘आपले’पणातून सुटण्यासाठी अनोळखी प्रदेशात, मानसन्मानाची अपेक्षा न ठेवता राहावे, हा त्याचा आशय. भिक्षेत जे येईल ते सारखेच मानावे, कारण निवड आली की ममत्व आले.

पण ममत्व फार चतुर आहे. घर सोडलेल्यास ते मठात भेटते. शेत सोडलेल्यास ते आसनाच्या जागेवर, शिष्यांच्या संख्येवर, सभेतील मानाच्या क्रमावर भेटते. आणि गृहस्थास ते बांधावर भेटते. दोन सख्खे भाऊ, दोघेही उपदेशी, दोघेही नित्य देवपूजा करणारे. मध्ये हातभर रुंदीचा बांध, आणि त्यावरून वर्षानुवर्षे अबोला, असे दृश्य खेड्यापाड्यांत विरळ नाही. दोघेही एकाच परमेश्वरास दंडवत घालतात. एकमेकांस मात्र दंडवत घालीत नाहीत. सणावारास त्यांची मुले चोरून एकमेकांस भेटतात. हातभर मातीसाठी एवढे मोल दिले जाते, आणि ती माती मरणसमयी दोघांपैकी एकाच्याही बरोबर जात नाही.

न्याय्य हक्क सोडून द्यावा असे येथे सुचविलेले नाही. व्यवहार व्यवहाराच्या जागी चालावा. परंतु बोलणे बंद करण्याचा हक्क कोणत्या सातबाऱ्यावर लिहिलेला असतो? परस्परांत परमेश्वराचे नाम घेऊन दंडवत घालण्याचा आचार पंथाने दिला, तो अशाच वेळी उपयोगी पडावा म्हणून. पहिला दंडवत कोणी घालावयाचा हा प्रश्न उरतो. ज्याने आज हा पाठ वाचला त्याने तो घालावा.

चिंतनार्थ प्रश्न :
(१) कोणत्या एका वस्तूचे किंवा मानाचे नाव काढताच आपले मन ताठ होते?
(२) कोणाशी आपला अबोला आहे? तो संपविण्यासाठी आज कोणते एक पाऊल टाकता येईल?
(३) गृह त्यागिले असल्यास, त्यागाबरोबर त्यागाचा अभिमान त्यागिला आहे का?

सातवा दिवस : अनुताप

सर्वज्ञांच्या वियोगाने श्रीनागदेवाचार्यांस झालेले दुःख पंथाच्या आठवणीत अजून ताजे आहे. पण ते दुःख निष्क्रिय राहिले नाही. ते रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत लागले, लीळांच्या मननात लागले, परिवाराच्या सांभाळात लागले. त्या दुःखातूनच आज हाती असलेले ग्रंथ आणि आचार आले.

अनुताप म्हणजे स्वतःस दूषणे देत बसणे नव्हे. जे सन्निधान जीवास लाभावयास हवे ते लाभलेले नाही, आणि त्यास आपली अयोग्यता कारण आहे, ही खंती म्हणजे अनुताप. ही खंती ज्यास आहे तो दुसऱ्याचे दोष मोजण्यात रमत नाही. त्याची वाणी मऊ होते, भोजन मित होते, एकांत त्यास जड वाटत नाही. ज्यास खंती नाही त्याचे साधन नियमित असूनही कोरडे राहते.

गेल्या सहा दिवसांतील प्रश्नांची उत्तरे साधकाने आज पुन्हा आठवावीत. काही प्रश्नांपाशी तो थांबला असेल, काही त्याने घाईने ओलांडले असतील. जे ओलांडले तेच त्याचे खरे प्रश्न होत. त्यांपैकी एक निवडून पुढील सात दिवस त्याच्याजवळ राहावे. नवीन नियम घेऊ नये; आहे त्या नियमात हा एक प्रश्न ठेवावा.

चिंतनार्थ प्रश्न :
(१) परमेश्वराच्या असन्निधानाचे दुःख आपणांस खरोखर होते का, की ते केवळ पोथीत वाचलेले आहे?
(२) आजचा दिवस अखेरचा ठरल्यास कोणते स्मरण अपुरे राहिले असे वाटेल?
(३) सहा दिवसांतील कोणता प्रश्न आपण टाळला?

हा पाठ एकट्याने करावा, तसाच कुटुंबानेही करावा. रात्री देवपूजेनंतर घरातील एकाने विचार वाचावा, इतरांनी ऐकावे, आणि नंतर थोडा वेळ कोणी बोलू नये. उत्तरे एकमेकांस विचारू नयेत. ती ज्याची त्याने परमेश्वरापुढे ठेवावीत. आश्रमात गुरूंनी शिष्यास पाठांतराबरोबर असा एकेक प्रश्न द्यावा. रिद्धपुरी आचार्यांच्या मननाला म्हाइंभटांचा प्रश्न भेटला, तेव्हा साऱ्या परिवाराची आठवण ग्रंथरूपाने टिकली. घरोघरीच्या मननालाही असे प्रश्न भेटावेत, आणि नित्याचे स्मरण जिवंत राहावे, हीच सर्वज्ञांच्या श्रीचरणी प्रार्थना.

दंडवत प्रणाम.